पेढी भांडणाने बुडत नाही

सुरतेतल्या उधन्यात संध्याकाळी लूमची पाळी बदलते तेव्हा कारखान्यासमोरची चहाची टपरी अर्धा तास माणसांनी गजबजते. बारा तास खडखडाट ऐकून बाहेर पडलेला माणूस पहिली पाच मिनिटे ओरडूनच बोलतो. कान जागेवर यायला वेळ लागतो. अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबार, ताप्ती लाइनीवरच्या साऱ्या गावांची अहिराणी तिथे कानावर पडते. २७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावरचे अमेरिकेतले टॅरिफ ५० टक्क्यांवर गेले. वराछा-कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यांतली सुट्टी लांबू लागली आणि आमच्या टपरीवर अमेरिका हा रोजचा विषय झाला. बोलण्याचा शेवट ठरलेला. कोणीतरी ग्लास खाली ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, अमेरिका आता गेली. घरातच दोन तट पडलेत. दुही शिरली की कितीही मोठं राज्य असो, बुडणारच. आपलं नाही का बुडालं?"

त्यावर सगळे माना हलवतात. मी हलवत नाही, म्हणून हा लेख.

या मताला हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्याच्या मागे मोठी माणसे उभी आहेत. पेशवाई बुडाल्याला शंभर वर्षे झाली त्या १९१८ साली न. चिं. केळकरांनी 'मराठे व इंग्रज' लिहिले आणि राज्य का गेले या प्रश्नाला हात घातला. राजवाडे, सरदेसाई, शेजवलकर या सर्वांनी आपापल्या परीने त्याच प्रश्नाशी झुंज घेतली. त्यांची उत्तरे एकसारखी नव्हती. राजवाड्यांनी तर शास्त्रविद्येच्या अभावावर बोट ठेवले होते. पण त्या चर्चेतून शाळेच्या पुस्तकापर्यंत जे झिरपले ते एकच वाक्य: आपसांत भांडलो म्हणून बुडालो. परकी सत्ता डोक्यावर असताना देशाला एकत्र आणायचे होते, तेव्हा या वाक्याचा उपयोग झाला. उपयोग झाला म्हणून ते खरे ठरत नाही.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा तर सुरतेतूनच मांडावा लागेल. आम्हा इथल्या मराठी माणसांना सुरत म्हटली की १६६४ आणि १६७० आठवते. गणदेवीकडून, म्हणजे दक्षिणेच्या अंगाने, शिवाजी महाराजांची फौज शहरावर आली आणि बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर तळ पडला, हे लहान मूलही सांगते. १७७५ मात्र कोणाला आठवत नाही. पेशवे नारायणरावांचा ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला, रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला, बारभाईंनी त्यांना पदच्युत केले. महीकाठी मार खाऊन राघोबादादा समुद्रमार्गाने सुरतेस आले. मार्च १७७५ मध्ये इथे इंग्रजांशी तह झाला: कंपनीने २,५०० सैन्य द्यावे, बदल्यात साष्टी, वसई आणि सुरत-भरुचेच्या महसुलातला हिस्सा घ्यावा. तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर कंपनीच्या हवाली झाले. घरातल्या भांडणासाठी परक्याला दार उघडून देणे यापेक्षा उघड दिसणार नाही. पुढे २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, पेशवे दुसरे बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. वर्षभरात असई, अडगाव, लासवारी. पूर्वपक्ष इथे थांबतो आणि म्हणतो: आणखी पुरावा कशाला हवा?

पण हे दोन तह शेजारी ठेवून पाहा. बाजीराव हे राघोबादादांचेच चिरंजीव. वडील सुरतेत सही करत होते तेव्हा मुलगा धारेस होता, दोन महिन्यांचा. बापलेकांनी सत्तावीस वर्षांच्या अंतराने एकच कृत्य केले: घरात हरल्यावर इंग्रजांकडे गेले, मुलूख देऊ केला, फौज मागितली. मुलाच्या तहाने राज्य गेले. वडिलांच्या तहाने काय झाले? मे १७७५ मध्ये अडासला हरिपंत फडक्यांनी इंग्रजांना गाठले. जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आलेली मुंबईची फौज तळेगावला अडकली आणि वडगावला तिला शरणागतीचा करार करावा लागला. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर तिथे एका बाजूने लढत होते. १७८२ मध्ये सालबाईला तह झाला तेव्हा साष्टीखेरीज इंग्रजांच्या हाती फारसे उरले नाही, आणि राघोबादादा पेन्शन घेऊन कोपरगावी जाऊन राहिले. दुखणे तेच, घराणे तेच, शत्रूही तोच. पहिल्या खेपेस रोगी उठून बसला, दुसऱ्या खेपेस गेला. जे कारण दोन्ही वेळी हजर होते, त्याने निकालातला फरक कसा समजावा? दुहीवाद्यांनी या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. मला ते कुठे सापडलेले नाही.

आता आणखी मागे जाऊ. मराठे वाढत होते तेव्हा ते एक होते का? १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले आणि ताराबाईंच्या पक्षाशी उघड युद्ध पेटले. त्या यादवीतूनच बाळाजी विश्वनाथ पुढे आले आणि १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. १ एप्रिल १७३१ ला, इथून फार लांब नाही, डभोईजवळ पहिल्या बाजीरावांनी छत्रपतींच्या सेनापतीशी, त्रिंबकराव दाभाड्यांशी, लढाई केली आणि दाभाडे रणात पडले. पेशवा सेनापतीला मारतो, याहून मोठी दुही कोणती? आणि सहा वर्षांत तेच बाजीराव दिल्लीच्या वेशीवर होते. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवरावांना काका राघोबादादांपुढे नमते घ्यावे लागले. ऑगस्ट १७६३ मध्ये तेच काका-पुतणे राक्षसभुवनाला निजामाविरुद्ध एकत्र लढून जिंकले. आंद्रे विंक या इतिहासकाराने फितव्याचा अभ्यास करून दाखवले आहे की त्या काळातली राज्ये फितव्यानेच वाढत: शत्रूचा सरदार फोडायचा, त्याला वतन द्यायचे, त्याच्यासोबत त्याचा मुलूख जोडायचा. विंकची मांडणी मला पुरती पटत नाही. तिच्यात रयतेने काय सोसले ते दिसत नाही. तरी एवढे नाकारता येत नाही की मराठ्यांच्या चढत्या काळात भांडणे उतरत्या काळापेक्षा कमी नव्हती.

शत्रूचे घर तरी एकजूट होते का? सुरतेचा तह मुंबईकर इंग्रजांनी कलकत्त्याला न विचारता केला. कलकत्त्याने तो रद्द ठरवला, कर्नल अप्टनला पाठवून १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळाच तह केला, आणि मुंबईकरांनी तो मनापासून कधी पाळला नाही. खुद्द कलकत्त्याच्या कौन्सिलात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज एकीकडे आणि फ्रान्सिस व त्याचे साथीदार दुसरीकडे. इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला तो ऑगस्ट १७८० च्या सुरुवातीला. त्याला पंधरवडा लोटायच्या आत, १७ ऑगस्टला, गव्हर्नर जनरलने आणि त्याच्या कौन्सिलरने एकमेकांवर पिस्तुले झाडली आणि फ्रान्सिस जखमी झाला. त्याच काळात तिकडे अमेरिकेत त्यांचेच भाऊबंद त्यांच्याविरुद्ध उठले होते. लेक्सिंग्टनची पहिली गोळी सुटली १९ एप्रिल १७७५ ला, सुरतेच्या तहानंतर सहा-सात आठवड्यांनी. पुण्याच्या दफ्तरात बसून कोणी टपरीवरचे सूत्र लावले असते तर त्याने लिहून दिले असते की इंग्रज संपले.

ते संपले नाहीत, कारण त्यांच्या भांडणाला जायला जागा होती. फ्रान्सिस विलायतेला गेला, पार्लमेंटात हेस्टिंग्जविरुद्ध लढला, सात वर्षे खटला चालला, एप्रिल १७९५ मध्ये हेस्टिंग्ज सुटला. भांडण कागदावर गेले, १७८४ चा कायदा होऊन कलकत्त्याचा अधिकार पक्का झाला. आमच्याकडेही १७७४ मध्ये तशी जागा होती: रामशास्त्रींचा निवाडा, पुरंदरावर जन्मलेले चाळीस दिवसांचे पेशवे, त्यांच्या नावाने चालणारे नाना फडणविसांचे दफ्तर, हरिपंतांची फौज. १७९५ नंतर ती जागा उरली नाही.

आणि १७९५ हे साल दुहीवाद्यांना सर्वांत अडचणीचे आहे. मार्चमध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन सगळे एका झेंड्याखाली उभे होते. अशी एकी पानिपतानंतर दिसली नव्हती. सात महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, सवाई माधवराव गेले. महादजी आणि हरिपंत आदल्याच वर्षी गेले होते, तुकोजी १७९७ मध्ये, नाना १८०० मध्ये. माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर कामेही गेली, कारण माणसामागे संस्था नव्हती. खर्ड्याची एकी एक वर्षसुद्धा पुरली नाही.

मग मोडले काय? हे सांगायला सुरत कापड बाजारातले दोन शब्द मला उपयोगी पडतात. इथे माल रोखीवर क्वचितच जातो. सूत, ग्रे, मग तयार माल, सगळे धाऱ्यावर चालते. धारा म्हणजे पैसे चुकवायची ठरलेली मुदत, साठ दिवस, नव्वद दिवस. एखाद्या व्यापाऱ्याचा धारा लांबू लागला की बाजारात कुजबुज सुरू होते. एक दिवस दुकानाला कुलूप दिसते, फोन बंद असतो. त्याला इथे उठमणा म्हणतात. मी या बाजारात आयुष्य काढले. भाऊ भाऊ भांडताना पाहिले, एकाच मार्केटात समोरासमोर दोन पाट्या लावून दोघेही सुखाने जगताना पाहिले. कडाक्याच्या भांडणातही मागच्या पार्टीचे पैसे ज्यांनी दिले, त्यांचे दुकान राहिले. उठमणा होतो तो धारा मोडल्यावर.

अठराव्या शतकात या धाऱ्याचे नाव हुंडी होते. जुनी हुंडी पाहिली की कागद किती साधा आणि व्यवहार किती काटेकोर ते कळते. इतके रुपये येथे जमा झाले, ते तिकडे शाहजोग, म्हणजे ओळखीचा प्रतिष्ठित सावकार पाहून, द्यावेत. आकड्यात कोणी फेरफार करू नये म्हणून रक्कम लिहून तिची निमपट लिहायची आणि त्याच्या दुप्पट द्या असे सांगायचे. कागदाची सगळी किंमत लिहिणाऱ्याच्या पतीत. सुरतेचे सराफ बनारस-बंगालपर्यंत अशा हुंड्या चालवत, आणि कंपनीच्या कागदांत अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांच्या पेढीचे नाव ठिकठिकाणी येते. लक्ष्मी सुब्रमण्यन यांनी दाखवून दिले आहे की मुंबईकर इंग्रजांची तिजोरी रिकामी असताना त्यांना इथल्या सराफांनी रोकड पुरवली आणि तिची फेड बंगालच्या महसुलावर काढलेल्या कागदांनी झाली. सराफांना बंगालचे रेशीम आणायला तिकडे पैसा हवाच होता. कंपनीचा कागद वटत होता, म्हणून ते देत राहिले. त्यांना इंग्रजांचे प्रेम होते असे म्हणणे चूक, देशद्रोही म्हणणे त्याहून चूक. कागद वटतो का, एवढेच ते पाहत होते.

त्याच सुमारास पुण्यात काय चालले होते? गादीवर बसवण्याच्या बदल्यात बाजीरावांनी दौलतराव शिंद्यांना मोठी रक्कम कबूल केली होती आणि ती त्यांच्याजवळ नव्हती. मग १७९८ मध्ये शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना पुण्याच्या पैसेवाल्यांकडून वसूल करायला मोकळीक मिळाली. सावकारांना धरून आणले, मारले, तापल्या तोफेवर बसवल्याच्या हकिकती आहेत. ज्यांच्या पतीवर पेशवाईचे गाडे चालत आले होते, त्यांनाच राज्याने आपल्या राजधानीत लुटले. माझ्या मते मराठी राज्याचा उठमणा त्या वर्षी झाला; १८०३ आणि १८१८ ही पुढची कुलपे. रँडॉल्फ कूपर या लष्करी इतिहासकाराने हिशेब मांडला आहे की असईला शिंद्यांच्या तोफा आणि पायदळ कुठल्याच बाबतीत कमी नव्हते. इंग्रजांनी पगाराची हमी जाहीर केली, शिंद्यांचे गोरे अधिकारी बाहेर पडले, आणि लासवारीला त्यांची पायदळे त्या अधिकाऱ्यांविना शेवटपर्यंत लढली. त्या शिपायांत दुही नव्हती, कच खाणेही नव्हते. मागे उभी असायला हवी होती ती पत नव्हती.

यावर आक्षेप येईल, आणि योग्य आहे: ही पत दुहीनेच खाल्ली ना? नाना आणि शिंदे भांडले नसते तर घाटगे आले असते का? काही अंशी खरे. भांडण खर्चिक असते. पण राघोबादादांच्या वेळचे भांडणही खर्चिक होते, सात वर्षांचे युद्ध अंगावर आले होते, आणि तेव्हा पुणे लुटावे लागले नाही. भांडणाचा निवाडा करणारी मान्य जागा शाबूत असली की राज्य खर्च सोसते. ती जागा मोडली की साधी तक्रारही राज्य पेटवते. यात राघोबादादांची किंवा बाजीरावांची सुटका करण्याचा माझा हेतू नाही. ते दोषीच. पण दोषी माणसे प्रत्येक राज्यात असतात.

दुहीचा आणखी एक प्रसिद्ध दाखला सुरतेचाच आहे. डिसेंबर १९०७ मध्ये तापीकाठी काँग्रेस भरली. अधिवेशन नागपूरहून मुद्दाम इथे हलवलेले, अध्यक्ष रासबिहारी घोष, व्यासपीठावर टिळक बोलायला उभे. एक मराठी जोडा, टोकदार, तळव्याला शिसे ठोकलेला, हवेतून आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर पडला. मग खुर्च्या आणि लाठ्या. मवाळ आणि जहाल वेगळे झाले, पुढच्याच वर्षी टिळक मंडालेला गेले. नऊ वर्षे सभा दुबळी राहिली, हे खरेच. पण १९१६ ला लखनौत दोघे एकत्र आले तेव्हा काँग्रेस आधीपेक्षा मोठी होती, आणि मोठी झाली ती बहुतेक जहालांच्या मुद्द्यांवर. सुरतेत एकी टिकवण्यासाठी ते मुद्दे गिळले असते तर?

आता अमेरिका. ती आजच फुटली असे बोलणाऱ्याने १८६१ आठवावे. चार वर्षांत सहा लाखांवर माणसे आपसांत लढून मेली. त्या भांडणाचा धूर थेट आमच्या दारात आला होता: दक्षिणेचा कापूस अडला, खानदेश आणि भरुचच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद मुंबईचे कापूसराजे झाले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले. भांडत होते अमेरिकन. दिवाळे निघाले मुंबईचे, बँक ऑफ बॉम्बेसकट. आणि अमेरिका? ऐन युद्धात, नोव्हेंबर १८६४ मध्ये, तिने अध्यक्षाची निवडणूक वेळेवर घेतली. कर्जरोखे सामान्य माणसांना विकले आणि त्यांचे व्याज सोन्यात चुकवले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ती जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था झाली.

म्हणून टपरीवर मी सांगतो, वॉशिंग्टनमधली भांडणे मोजू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथले सरकार ४३ दिवस बंद होते, ही बातमी मोठी दिसते. तिने फारसे काही मोडत नाही. मोडते ते दुसरीकडे. ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या तारखेला रोजगाराचे आकडे वाईट आले, म्हणून आकडे काढणाऱ्या खात्याच्या प्रमुखांना काढून टाकले. त्याच महिन्यात मध्यवर्ती बँकेच्या एका गव्हर्नरला हटवायचा प्रयत्न झाला. मे महिन्यात मूडीजने अमेरिकेचा शेवटचा सर्वोच्च दर्जा खाली आणला होता. जगाच्या राखीव गंगाजळीत डॉलरचा वाटा या शतकाच्या आरंभी ७० टक्क्यांच्या वर होता, आता ६० च्या खाली आहे. निवडणुकीचा निकाल मानायचा की नाही हा प्रश्न ६ जानेवारी २०२१ ला रस्त्यावर आला. वहीतला आकडा खरा आहे का, निवाडा पाळला जातो का, कागद वटतो का, एवढेच मी पाहतो. त्या देशाचे दोन पक्ष उद्या गळ्यात गळे घालून राष्ट्राचा जयघोष करू लागले आणि हे तिन्ही मोडले, तर ती एकी खर्ड्याच्या एकीइतकीच कामाची.

हे मी पोटतिडकीने लिहितो त्याला कारण आहे. दुहीने बुडतो हे वाक्य इतिहासापुरते राहत नाही. पगाराबद्दल कोणी बोलला, महापालिकेच्या मराठी शाळेला शिक्षक का नाहीत असे कोणी विचारले, निवडणुकीत कोणी वेगळा उभा राहिला, की तेच वाक्य तोंडावर येते: फूट पाडू नका. आम्ही खानदेशातून आलो, गुजरातीत हिशेब लिहितो, घरी अहिराणी बोलतो, श्रावणात कानबाई बसवतो. दोन राज्यांत पाय असलेल्या माणसाकडून एकीचा दाखला सगळ्यांत आधी मागितला जातो. राष्ट्रावर प्रेम करायला मी कोणाच्या मागे नाही. पण तक्रार करणाऱ्याला फितूर ठरवणारे राज्य रामशास्त्रींच्या वळणाचे नव्हे.

परवा एकाने टपरीवर विचारलेच, "मग काका, बुडणार की नाही ते सांगा." मी त्याला सांगितले की मार्च १७९५ मध्ये खर्ड्याहून जिंकून परतणाऱ्या शिलेदाराला हे विचारले असते तर तो तुझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला असता. तो हसला. तेवढ्यात त्याच्या शेठचा फोन आला. मुंबईच्या पार्टीने धारा नव्वदचा एकशेवीस केला होता, पुढचे ताके द्यायचे की नाही ते ठरायचे होते. तो उठून बाजूला गेला आणि बराच वेळ हलक्या आवाजात बोलत राहिला.